एकही खाडा नाही

बॉक्सिंगच्या त्या क्लबात नियम फार नव्हते. मारायचं, मार खायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. पहिल्या दोन्हींत कधी कुणाला सूट मिळालीही असेल, पण परत येण्यातून कुणाची सुटका नव्हती.

भिंतीवर लोखंडी खुंट्यांची रांग होती. ज्याची खुंटी, त्याचे ग्लोव्हज तिच्यावर. एक दिवस जरी खाडा झाला, तरी कोच स्वतःच्या हाताने ते ग्लोव्हज काढून जमिनीवर टाकायचा आणि बाहेर वाट बघत बसलेल्यांपैकी कुणालातरी ती खुंटी देऊन टाकायचा. कारण विचारायचा नाही. ताप असो, बरगडी मोडलेली असो, घरात कुणी गेलेलं असो. मग काय, बरगडी मोडलेला माणूसही यायचा. बाकावर भिंतीला टेकून बसायचा, दोन्ही हातांनी छाती धरून बेताबेताने श्वास घ्यायचा, आणि हजेरीला 'हजर' म्हणायचा. कोचला तेवढं पुरे होतं.

दुर्दैव असं की ताईलाही तेवढंच पुरे होतं.

ताई क्रीडासंस्थेत खेळाडूंच्या दुखापतींचा अभ्यास करायची. क्लबातले लोक तिला समोर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे आकडेवाली. घरात ती ताई, आणि आपणही तिला ताईच म्हणू, कारण ही गोष्ट तिच्या आकड्यांपेक्षा तिच्या भावाची जास्त आहे. भाऊ त्या क्लबातला बॉक्सर. घरात त्याला धाकट्या म्हणत. खांदे दारातून तिरके काढावे लागतील असा वाढला होता, तरी धाकट्याच.

एकदा जायबंदी झालेला खेळाडू पुन्हा केव्हा जायबंदी होतो, हा ताईचा विषय होता, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकाच माणसाचा खांदा तीनदा निखळला की नवशिके तीन खांदे मोजतात, जणू तिघांचे होते. असला हिशेब बघितला की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती म्हणायची, माणूस एकच आहे. पहिल्या दुखापतीनंतर तो पहिल्यासारखा राहत नाही, म्हणून तो मैदानात परतला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावा. शिवाय काही माणसं मुळातच कच्ची असतात आणि काही चिवट. कोण कसा हे कपाळावर लिहिलेलं नसतं, पण आजवर किती वेळा मोडला यावरून अंदाज बांधता येतो. या सगळ्यातून ती प्रत्येक खेळाडूचा एक आकडा काढायची. तो हिरवा आला तर खुशाल उतरा, लाल आला तर घरी बसा.

मोजायचं तर आधी दुखापत म्हणजे काय ते ठरवावं लागतं. दुखणं काही मोजता येत नाही. एकाला खरचटलं तरी तो आडवा होतो, दुसरा दात पडला तरी हसत असतो. म्हणून ताईने सगळे करतात तेच केलं. लागल्यामुळे सरावाला खाडा पडला तर ती दुखापत, नाही पडला तर नाही. फुटबॉलवाल्यांत हे चाललं, धावणाऱ्यांत चाललं. बॉक्सिंगच्या क्लबात मात्र खाडाच नव्हता, तर दुखापत कुठून असणार? खुंट्यांची गोष्ट ताईच्या कानावर आली होती. तिला ती शिस्त वाटली. कोच कडक आहे, असं म्हणून ती हसलीही होती.

झालं असं की हाडं मोडण्याचा जिथे रोजचा धंदा, तो क्लब ताईच्या हिशेबात सगळ्यांत सुरक्षित ठरला. साहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, परिषदेत तिची पाठ थोपटली. बॉक्सिंग संघटनेने फर्मान काढलं की ज्याचा आकडा हिरवा, त्याला लढतीआधी डोक्याची तपासणी नको. आणि साऱ्या हिरव्यांत गर्द हिरवा होता तिचा धाकटा. ते बघून ताईची मान ताठ झाली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एक बाई तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. आत आल्यावरही तिने काळा चष्मा काढला नव्हता. आपण हातोड्याची बायको, असं तिने सांगितलं. हातोडा म्हणजे क्लबातला जुना गडी. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरच्याला उचलून न्यावं लागायचं, म्हणून ते नाव. ताईने संगणकात बघितलं आणि सांगितलं की त्याला एकही दुखापत झालेली नाही, त्याने आपणहून खेळ सोडला.

बाईने चष्मा काढला. डावा डोळा पार मिटला होता, आणि गालाचं हाड जिथे असायला हवं तिथून खाली सरकलं होतं.

"तुमच्या हिशेबात तो धडधाकट आहे ना?" ती म्हणाली. "मग मला सांगा, धडधाकट माणूस स्वतःच्या बायकोला 'तू कोण' विचारून मारतो का?"

ताई त्याच पावली बाईबरोबर तिच्या घरी गेली.

खोलीचे पडदे भर दुपारी ओढलेले होते. भिंतीला मुठीएवढे खड्डे पडलेले, काहींवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. हातोडा खाटेच्या कडेला बसला होता. त्याने ताईला बसा म्हटलं, पंखा लावू का म्हणून विचारलं, आणि बोलताना त्याची जीभ जड झाल्यासारखी अडखळत होती. माणूस शांत दिसला. ताईला हायसं वाटलं, इतक्यात खाली रस्त्यावर कुणाच्यातरी गाडीचा हॉर्न वाजला.

हातोडा उठला तो हनुवटी छातीत दाबून आणि मुठी वर धरून. त्याने आधी भिंतीवर ठोसा मारला. गिलावा पडला आणि त्याच्या बोटांची कातडी सोलून पांढरं दिसायला लागलं. बायको खिडकी लावायला धावली तशी त्याने तिला पोटात मारलं. ती दुमडून खाली बसली. ताईने मागून त्याचा दंड धरला, तर त्याने नुसता खांदा उडवला आणि ताई कपाटावर जाऊन आदळली. तो आणखी मारत राहिला, हवेत, भिंतीवर, गादीवर, आणि प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून फुसकारत राहिला. मग जसा उठला तसा बसला. जमिनीवर बसलेल्या बायकोच्या केसांवर रक्ताळलेला हात फिरवत म्हणाला, "लागलं का गं?"

बाई ताईला जिन्यापर्यंत पोचवायला आली. तिथे तिने सांगितलं ते असं. डोक्याला मार बसला की त्याला दोन-दोन दिसायचं. सकाळी बादलीत ओकायचा, तोंड धुवायचा आणि क्लबात जायचा. तिथे बाकावर बसून राहायचा, खुंटी जाऊ नये म्हणून. कधी त्याच अवस्थेत रिंगमध्येही चढायचा. शेवटी एके दिवशी त्याला क्लबाचा रस्ताच सापडेना. भटकून संध्याकाळी घरी आला. दुसऱ्या दिवशी गेला तर ग्लोव्हज जमिनीवर. "त्याच्या आधी एकही खाडा नाही हो केला त्याने," बाई म्हणाली, आणि ते सांगतानाही तिच्या आवाजात जरासा अभिमान होता.

ताई पायऱ्या उतरली. अशी कशी आपल्याला अक्कल नाही, असं ती स्वतःलाच म्हणत होती, आणि खरंच आहे, एवढी शिकलेली बाई, तिला एकदा बाकावर बसलेल्यांकडे बघावंसं वाटू नये? जे क्लब सोडून गेले ते कुठल्याही कारणाने गेले असतील, असं तिने धरलं होतं. कुणाला नोकरी लागली असेल, कुणी गाव बदललं असेल. हे धरल्याशिवाय गणित पुढे सरकत नव्हतं, म्हणून धरलं. प्रत्यक्षात जे सगळ्यांत जास्त फुटले तेच सोडून गेले होते, आणि जाताना तिच्या हिशेबात कोरी पाटी ठेवून गेले होते. आणि जे राहिले ते मोडलेले असले तरी हजर होते. खाडा नाही म्हणजे दुखापत नाही, दुखापत नाही म्हणजे चिवट, चिवट म्हणजे आणखी मारा. ही साखळी तिने स्वतः जोडली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ होता.

पुढचे काही दिवस ती क्लब सोडून गेलेल्यांची घरं शोधत हिंडली. एकाची आई दार अर्धवट उघडून बोलली, कारण मुलगा आत होता आणि त्याला नवी माणसं चालत नव्हती. एक जण झटके येऊन गेला होता. एक जण मात्र खरोखरच बरा होता, दुकान चालवत होता, हसत होता. ताईने त्याचेही आभार मानले. मग ती साहेबांकडे गेली आणि सगळे हिरवे आकडे आत्ताच्या आत्ता मागे घ्या म्हणाली.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात झटकले. व्याख्या सगळीकडे मान्य झालेली आहे, ते म्हणाले. स्पर्धा तोंडावर आलेली असताना आकडे बदलले तर आधीचे चुकीचे होते का असं लोक विचारतील. ताई म्हणाली की चुकीचेच होते. मग लेखी द्या, साहेब म्हणाले, स्पर्धेनंतर समिती बसेल. स्पर्धा रविवारी होती. धाकट्याची अंतिम लढत होती आणि समोरचा गडी गेल्या लढतीत एकाचा जबडा दोन जागी फोडून आलेला होता.

राहता राहिला धाकटा. ताईने त्याला घरी जेवताना गाठलं. आता तिला सगळं दिसायला लागलं होतं. तो खिडकीकडे पाठ करून बसायचा. पेल्यात दूध ओतताना ते पेल्याच्या शेजारी ओतायचा, आणि आई फडकं फिरवायची. आईला वाटायचं पोरगं दमतं. ताईने त्याला सगळं सांगितलं, हातोड्याचं, त्या दार अर्धवट उघडणाऱ्या आईचं, स्वतःच्या चुकीचं. तो खाली मान घालून जेवत राहिला. आपल्याला काही होत नाही, एवढंच म्हणाला. डोकं दुखतं का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. आई घाबरून मागे सरली. या घरात असं कधी झालं नव्हतं.

"तूच म्हणालीस ना मी चिवट आहे?" तो म्हणाला. "सगळ्या क्लबात माझ्याएवढा कुणी नाही, असं तूच सगळ्यांना सांगत फिरलीस. आता मी जिंकायला आलो तर तुझं गणित चुकलं?"

आईनेही त्याचीच बाजू घेतली. रविवार होऊ दे, मग काय ती तपासणी करा, ती भिंत पुसत म्हणाली. ताईने तिला दोष दिला नाही. तो हिरवा आकडा घरात पहिल्यांदा पेढ्यांसारखा वाटला होता तो ताईनेच.

गुरुवारी ताई थेट क्लबात गेली. रिंगमध्ये धाकटा होता, आणि समोर बुटका नावाचा एक आडव्या हाडाचा गडी. सराव म्हणायचा, पण कोचच्या क्लबात सराव आणि लढत यांत फरक एवढाच की सरावाला प्रेक्षक नसत. बुटक्याने आधी पोटात दोन घातले. धाकट्याचा हात खाली आला. आधी तो इतका सहज खाली यायचा नाही, हे ताईलासुद्धा कळलं. मग बुटक्याचा डावा हात बाजूने आला आणि कानाच्या पुढे, जिथे हाड पातळ असतं तिथे, असा बसला की आवाज सगळ्या हॉलभर घुमला.

धाकटा तोंडावर पडला. पडताना त्याने हातही पुढे केले नाहीत. दातांवरचं रबर बाहेर उडालं, त्याच्यामागून रक्ताची लाळ आली, आणि उजव्या पायाचा चवडा फळीवर आपोआप आपटत राहिला. कुणी सराव थांबवला नाही. पलीकडे दोरीवरच्या उड्या चालू होत्या, पिशवीवर ठोसे पडत होते. कोच दोऱ्यांखालून आत गेला, त्याच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर चार चापट्या दिल्या आणि त्याला धरून बसवलं.

"कुठे आहेस?" कोचने विचारलं.

धाकट्याने डोळे उघडले. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती.

"हजर," तो म्हणाला.

कोच हसला. बाकावरचे दोघं-तिघंही हसले. ताई दोऱ्यांपर्यंत धावली आणि त्याला आत्ताच्या आत्ता खाली उतरवा म्हणून ओरडली. कोचने तिला बाजूला घेतलं. त्याला राग आलेला नव्हता, हे सांगायला हवं. तो वाईट माणूस असता तर ताईचं काम सोपं झालं असतं. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की त्याला आकड्यांतलं काही कळत नाही. मॅडमनी हिरवा दिला, त्याने पोरगा रिंगमध्ये उतरवला. मॅडमना आता लाल द्यायचा असेल तर तसा कागद आणावा. तो नसेल तर रविवारी पोरगा लढेल. पोरगं स्वतः लढायचं म्हणतंय.

"तुम्हाला दिसत नाही का त्याला काय झालंय?" ताई म्हणाली.

"डोक्याच्या आतलं कुणाला दिसतं, मॅडम?" कोच म्हणाला. "हात मोडला तर मला दिसतो. मोडक्या हाताचा माणूस मी आजवर रिंगमध्ये चढवलेला नाही. विचारा कुणालाही."

ताईने कुणाला विचारलं नाही. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली.

धाकटा तिथे फळीवर बसून हातांच्या पट्ट्या सोडत होता, आणि त्या सुटत नव्हत्या, कारण तो उलट्या बाजूने ओढत होता. ताई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या सोडल्या. आधी डाव्या हाताच्या, मग उजव्या. त्याची बोटं सुजलेली आणि गरम होती. तिने त्याला विनवलं. या एका लढतीचं सोड, पुढच्या शंभर लढ म्हणाली. मी चुकले, मला माफ कर, पण माझ्या चुकीपायी तू मरू नकोस, असंही म्हणाली. तिला रडू फुटलं. त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं.

"रविवारनंतर तू म्हणशील ते," तो म्हणाला. "आत्ता गेलो तर खुंटी जाईल."

तो उठला आणि दाराशी गेला. तिथे बहुधा त्याला भोवळ आली. त्याने उजव्या हाताने चौकट धरली, बोटं आतल्या बाजूला, बिजागरीच्या फटीत, आणि मान खाली घालून उभा राहिला. दार लोखंडी होतं आणि भरभक्कम. ताईने ते दोन्ही हातांनी धरलं. या माणसाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, पडला तर स्वतःच्या ओढणीने गुडघा बांधला होता, आणि साऱ्या जगात तिला त्याच्याइतकं कुणी प्रिय नव्हतं. तिने सगळं अंग दारावर टाकलं.

तो किंचाळला. ताईने बघितलं. बोटं सोलवटली होती, रक्त आलं होतं, पण बोटं वाकत होती. एवढ्यावर कोच पट्टी बांधून उतरवील, हे तिला कळलं. धाकट्याने हात ओढून घ्यायच्या आत तिने दार मागे घेतलं आणि दुसऱ्यांदा घातलं. या वेळी हाडं फुटल्याचा आवाज तिला दारातून तळहातांत जाणवला.

पुढचं जे झालं ते धाकट्याने केलं असं म्हणणं बरोबर नाही. ते त्याच्या डाव्या हाताने केलं. इतक्या वर्षांत त्या हाताला एकच गोष्ट शिकवली होती. उजवीकडे दुखलं की डावीकडून घालायचा. त्याने वळून बघितलंही नाही. ठोसा ताईच्या जबड्यावर बसला आणि ती फळीच्या कडेवर डोकं आपटून खाली गेली.

दुखलं नाही. आधी आवाज बंद झाले. छत दिसत होतं आणि ते सावकाश एका बाजूला घसरत होतं. तोंडात खडे आल्यासारखं वाटलं, ते दात होते. आपण इथे कशाला आलो हे आठवायला हवं, असं तिला वाटलं, आणि आठवेना. वर एक मोठा माणूस वाकला होता, त्याचा एक हात भलतीकडे लोंबत होता आणि तो तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. हा कोण, असा विचार तिच्या मनात आला. हा आपला धाकटा, हे समजायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात ती जेवढी घाबरली तेवढी त्या दिवसात दुसऱ्या कशाने घाबरली नाही.

दवाखान्यात दोघांना एकाच खोलीत समोरासमोरच्या खाटा मिळाल्या. आई मधल्या स्टुलावर बसली. धाकट्याच्या उजव्या हाताची चार हाडं मोडली होती. कोच येऊन एक्स-रेचा फोटो बघून गेला, मान हलवली, आणि रविवारी दुसरा कुणी उतरेल म्हणाला. ताईचा जबडा तडकला होता. तो बांधून टाकला होता, त्यामुळे तिला दातांतल्या दातांत थोडंसं बोलता येत होतं. डॉक्टरांनी धाकट्याच्या डोक्याचीही तपासणी केली, कारण इथे कुणी त्याचा आकडा विचारला नाही. फोटो बघून ते आईला बाहेर घेऊन गेले. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. 

गाडीतून येताना धाकटा सारखा रडत होता. मी ताईला मारलं, मी ताईला मारलं, असं तो रस्ताभर आणि आई दवाखान्यात पोचली तेव्हाही म्हणत होता, म्हणून आईला ते कळलं होतं. आल्यावर त्याला सुई दिली आणि तो झोपला. ताई त्याच्याकडे बघत पडून राहिली. आपण केलं ते भयंकर आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तो रविवारी रिंगमध्ये नसेल, हेही पक्कं होतं, आणि तिच्या मनाने आधाराला तेवढंच घट्ट धरलं होतं.

ऊन खिडकीतून सरकून त्याच्या खाटेवर आलं तेव्हा तो जागा झाला. प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. मग समोर बघितलं, आणि ताडकन उठून बसला.

"ताई," तो म्हणाला, "तुला कोणी मारलं?"

आईला वाटलं तो नाटक करतोय. दिवसभराचा संताप तिच्या तोंडून बाहेर पडला. "तूच मारलंस," ती म्हणाली. "स्वतःच्या बहिणीला. आणि वर विचारतोस?"

धाकट्याने एकदा आईकडे बघितलं आणि एकदा ताईकडे. गाडीत तो रडला होता ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा आलं, पण आत्ताच पहिल्यांदा कळल्यासारखं. मी नाही, तो म्हणाला. मग मी, म्हणाला. मग डाव्या मुठीने स्वतःच्या कपाळावर मारायला लागला. आईने त्याचा हात धरला, नर्स धावत आली, दोघींनी मिळून त्याला आडवा केला. तो हुंदके देत देत पुन्हा झोपला. आई स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून हलत राहिली.

ताईने आयुष्यभर पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टींचा अभ्यास केला होता. पुढे काय होणार ते तिला आईच्या आधी कळलं, आणि ते खोटं ठरावं म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

आईने दिवा लावला तेवढ्याने धाकट्याची झोप मोडली. त्याने प्लास्टरकडे बघितलं. मग समोर बघितलं. त्याची डावी मूठ चादरीवर हळूहळू वळली.

"ताई, तुला कोणी मारलं?"

आईने तोंड उघडलं. ताईने खाटेवरून हात लांब करून तिचं मनगट दाबलं.

"पडले रे," ताई दातांतल्या दातांत म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. तो पाय खाली सोडून खाटेच्या कडेला आला, आणि त्याच्या डोळ्यांत राग होता, जुना, चांगला राग, शाळेत तिला कुणी चिडवलं तर त्याला यायचा तो.

"नाव सांग फक्त," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे ना."

ताईने मान हलवली. आहेस, असं म्हणायला तिने ओठ हलवले, पण जबड्यातून शब्द बाहेर आला नाही. तो तिच्या उत्तराची वाट बघत बसून राहिला, आणि थोड्या वेळाने, कशाची वाट बघतोय ते विसरून, खिडकीकडे बघायला लागला. तेव्हा ताईने आईला जवळ बोलावलं आणि सांगितलं, तो पुन्हा विचारील, आणि दर वेळी आपण 'ताई पडली' असंच सांगायचं.